एक वाजून दहा मिनिटांची नोंद

हे घडलेलं आहे.

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं समजावं. पण त्या दुपारी त्या खोलीत दोन बायका होत्या आणि दोघीही आज आहेत. एक जुन्या जालन्यात राहते, दुसरी औरंगाबादला. दोघींना वेगवेगळं बसवून विचारलं, तरी एका शब्दाचा फरक पडत नाही.

साल २००३. मे महिना. तेरा, चौदा आणि पंधरा तारीख.

जागा म्हणजे जालन्याच्या एमआयडीसीतली एक बियाण्याची कंपनी. तिचं नाव इथं मुद्दाम घेतलेलं नाही. तिथली माणसं अजून तिथंच कामाला आहेत.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं, इतकं ऊन होतं.

सगुणाबाई त्या कंपनीत झाडलोट करायची, चहा द्यायची. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. मूळची राजूरकडची. नवरा कडूबा लवकर गेला. एकच मुलगा, मच्छिंद्र. त्याला शिकवायचं म्हणून ती गाव सोडून जुन्या जालन्यात आली. कापडाच्या दुकानामागं एक खोली घेतली आणि लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या.

मच्छिंद्र शिकला. बी.कॉम. झाला, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि याच कंपनीत लागला. कंपनीत हिशोबाचं सॉफ्टवेअर आलं, ते त्याच्या हातानं. सगळ्या नोंदी जिथं साठतात तो मोठा कॉम्प्युटर, ज्याला ऑफिसात सगळे सर्व्हर म्हणायचे, तोही १९९९ साली त्यानंच बसवला. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत. ऑफिसात एसी होता तो त्या एकाच खोलीला.

"मालकाला न्हाई एसी, पण माझ्या मशीनला हाये," असं तो घरी येऊन सांगायचा. सगुणाबाईला त्यातलं काही कळायचं नाही. पण तो हसला की ती हसायची.

ऑगस्ट २००२ मध्ये राजूरच्या एका दुकानदाराचा कॉम्प्युटर बंद पडला. मॅनेजर तातेरावांनी मच्छिंद्रला मोटारसायकलवर तिकडं पाठवलं. निघताना त्यानं घराशेजारच्या किराणा दुकानात फोन केला. "माझ्या आईला सांगा, एक वाजता जेवायला येतो. तिला जेवू नको म्हणा. संगं जेवू."

सगुणाबाईनं दोन ताटं वाढली आणि वर परात झाकली.

एक वाजला. दोन वाजले. भाकरी कडक झाली.

चार वाजता दारात माणसं आली.

राजूरहून येताना पुलाजवळ टेम्पोनं उडवलं होतं. जागच्या जागी. हातातलं घड्याळ फुटून बंद पडलं होतं. काटे एक वाजून दहा मिनिटांवर होते.

दिवाळीनंतर मालकांनी सगुणाबाईला कामावर घेतलं. अकरा नोव्हेंबरला ती पहिल्यांदा त्या ऑफिसात आली. सकाळी सगळं झाडून झालं. एक वाजता माणसं जेवायला घरी गेली. कुणी खाली झाडाखाली डबे सोडून बसली. वर कुणी राहिलं नाही.

सगुणाबाई काचेच्या खोलीच्या दाराशी, थंड फरशीवर बसली. दाराच्या फटीतून एसीचा गारवा पायाला लागत होता. तिनं भाकरीचं फडकं सोडलं. मच्छिंद्र गेला त्या दिवसापासून दुपारचा घास तिच्या घशाखाली उतरत नव्हता. तरी डबा रोज बांधायची सवय होती.

आणि तेवढ्यात…

टक.

टक टक… टक टक टक…

आतून.

कुणीतरी कॉम्प्युटरची बटणं दाबत होतं.

थोडा वेळ ते चाललं. मग शेवटी एक बटण दणकन वाजलं. आणि शांत.

सगुणाबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं.

मच्छिंद्रची ती सवय होती. शेवटचं मोठं बटण तो असा दणकून मारायचा, की मालक बाहेरून ओरडायचे, "अरे, फोडतो का!" हा किस्सा त्यानं तिला किती वेळा सांगितला होता.

तिनं मान वळवली नाही. काचेतून आत बघितलं नाही. बघितलं आणि कुणी नसलं तर? किंवा बघितलं म्हणून तो निघून गेला तर?

ती दाराला पाठ टेकून तशीच बसून राहिली. मनाशी म्हणाली, काम चाललंय त्याचं. झालं की येईल बाहेर. मग संगं जेवू.

दोन वाजले. तिनं भाकरी परत बांधली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

सहा महिने हे चाललं. तिनं कुणालाही सांगितलं नाही. लोक घाबरले असते. मांत्रिकाला बोलावलं असतं. तिला भीती त्याचीच होती. तिच्या अंगात आता नुसती हाडं राहिली होती, पण तिला दुपारची ओढ लागलेली असायची. रोज थोडा वेळ तिचा मुलगा भिंतीपलीकडं बसून काम करायचा. तिला तेवढं बास होतं.

मग तेरा मेला शिवकन्या आली.

ती औरंगाबादच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून आलेली इंजिनिअर. चोवीस-पंचवीस वर्षांची, सडपातळ. संगं एक नवा कोरा कॉम्प्युटर. तिनं तो जुन्या सर्व्हरच्या शेजारी मांडला.

सगुणाबाई चहा घेऊन आत गेली. "पोरी, हे दुसरं कशाला आणलं?"

"मावशी, हिशोबाचं सॉफ्टवेअर नवीन आलंय. ते या जुन्या सर्व्हरवर चालत नाही. त्याला नव्या व्हर्जनचा सर्व्हर लागतो. आणि हा जुना त्या नव्याला ओळखत नाही. दोघांचं जमतच नाही एकमेकांशी. म्हणून यातलं सगळं त्यात न्यायचं."

"मंग ह्याचं काय?"

"हा बंद करायचा. कायमचा. गुरुवारी."

सगुणाबाई कपबशी पुढं करायची विसरली. शिवकन्यानं ती घेतली. तिला वाटलं, बाईला बरं नसेल.

त्याच दिवशी, मंगळवारी, जेवायच्या सुट्टीआधी शिवकन्यानं जुन्यातल्या नोंदी नव्यात नेल्या. एक्केचाळीस हजार दोनशे आठ नोंदी. दोन्हीकडं सारखा आकडा. ती खूश होऊन जेवायला गेली. दोन वाजता परत येऊन तिनं पुन्हा आकडा बघितला.

नव्यात दोनशे आठ.

जुन्यात दोनशे नऊ.

तिला वाटलं कुणीतरी मधेच बिल केलं. तिनं सगळं पुसून पुन्हा काम केलं. पण रात्री लॉजवर तिला ते आठवत राहिलं. सुट्टीत बाहेरचे सगळे कॉम्प्युटर बंद होते. तिनंच बंद केले होते.

बुधवारी सकाळी तिनं ती जास्तीची नोंद नव्या मशीनवर उघडून बघितली. रक्कम शून्य. खातं कुठलंच नाही. नुसता खालचा शेरा भरलेला, म्हणजे नोंदीबद्दल दोन शब्द लिहायची जागा असते ती. त्यात काहीबाही इंग्रजी अक्षरं आणि खुणा होत्या. अर्थ काहीच लागत नव्हता.

वेळ, एक वाजून दहा मिनिटं.

आणि नोंद करणाऱ्याचं नाव…

तिनं दारातून बाहेर डोकं काढून मोठ्यानं विचारलं, "इथं मच्छिंद्र कोण आहे?"



पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

सगुणाबाई टेबलं पुसत होती. तिचा हात जागीच थांबला. कुणीच तिच्याकडं बघेना. उषाबाई म्हणून तिथल्या जुन्या कारकून होत्या, त्या उठल्या, शिवकन्याला हाताला धरून जिन्यात घेऊन गेल्या आणि सगळं सांगितलं.

शिवकन्या परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

तातेराव मात्र भडकले. "हा काय खेळ लावलाय? मेलेल्या माणसाच्या नावानं कोण शिरतंय आत? दुपारी वर कोण असतं?"

सगळ्यांना माहीत होतं कोण असतं ते.

"सगुणाबाई, उद्यापासून सुट्टीत घरी जायचं. या मजल्यावर थांबायचं न्हाई."

"साहेब…" सगुणाबाई पुढं आली. तिनं चक्क हात जोडले. "झाडून घ्या, भांडे घासून घ्या, काय बी सांगा. पण दुपारचं मला हितं बसू द्या."

"का? काय हाये इथं?"

तिला सांगता येईना. ती खाली बघत उभी राहिली.

"साहेब, मावशींना कॉम्प्युटर चालू सुद्धा करता येत नाही," शिवकन्या म्हणाली. "मी आज बघते. किल्ली माझ्याकडं ठेवते."

त्या दुपारी तिनं एक गोष्ट केली. जुन्या सर्व्हरचा कीबोर्ड काढला, वायर गुंडाळली आणि तो आपल्या बॅगेत घातला. खोलीला कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली आणि ती बॅग घेऊनच खाली जेवायला गेली.

सगुणाबाई नेहमीच्या जागी बसली. दाराला पाठ टेकून. तिला वाटलं होतं, आज नाही वाजणार. आज बटणंच नाहीत आत.

एक वाजून दहा मिनिटं झाली…

टक टक… टक… टक टक…

आणि शेवटी, दणकन.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही.

दोन वाजता शिवकन्यानं कुलूप उघडलं. बॅगेतून कीबोर्ड काढून जोडला आणि आकडा बघितला. मग ती खुर्चीतून उठून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

एक जास्त होती.

"मावशी, कुणी आलं होतं?"

"न्हाई, कुणी आल्तं न्हाई." सगुणाबाई दारात उभी होती. "पण वाजलं."

"काय वाजलं?"

मग सगुणाबाईनं तिला सांगितलं. अकरा नोव्हेंबरपासूनचं सगळं. फरशी, दार, दणका, बांधून परत नेलेली भाकरी. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती हे कुणाशी बोलत होती. "त्याचं काम चालू असतं गं. झालं की येईल म्हणून मी बसून राह्यले. तू मशीन बंद करशील तर तो कुठं बसंल?"

शिवकन्या घाबरली होती. पण समोरच्या बाईच्या तोंडाकडं बघून तिला पळूनही जाता येईना.

तिनं नव्या मशीनवर मंगळवारपर्यंतच्या जुन्या नोंदी चाळायला घेतल्या. शून्य रकमेच्या. मच्छिंद्रच्या नावाच्या. त्या कुठल्याच हिशोबाच्या कागदावर छापून येत नव्हत्या, त्यामुळं कुणाच्या डोळ्यांत आल्या नव्हत्या.

पहिली, अकरा नोव्हेंबर. एक वाजून दहा मिनिटं.

मग रोज एक. रविवार सोडून. संक्रांत-होळीच्या सुट्ट्या सोडून. फेब्रुवारीत पाच दिवस नव्हत्या.

"फेब्रुवारीत काय होतं?"

"मला ताप आल्ता," सगुणाबाई म्हणाली. "घरी होते मी."

एकशे सेहेचाळीस नोंदी. सगळ्यांत शेरा तोच, एकसारखी अगम्य अक्षरं.

उषाबाई मागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी पडद्याकडं बघितलं. "हे इंग्रजी नसंल बाई," त्या हळूच म्हणाल्या. "मालकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मच्छिंद्र त्यांच्यासाठी शेरे मराठीत लिहायचा. त्यानं तशी मराठी अक्षरं टाकून घेतलेली होती जुन्या मशीनमध्ये."

शिवकन्याच्या लक्षात आलं. जुन्या मशीनवर जुना मराठी फॉन्ट होता. नव्या मशीनवर तो नव्हता. म्हणून मराठी अक्षरं अशी विस्कटून दिसत होती.

तिनं फॉन्ट एका फ्लॉपीवर घेतला. फ्लॉपी नव्या मशीनमध्ये घातली. एक बटण दाबलं.

पडद्यावरची अक्षरं हलली… आणि बसली.

उषाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"काय लिवलंय?" सगुणाबाईनं विचारलं. तिला सही करण्यापुरती अक्षरं येत होती. पहिली दोन तिनं ओळखली होती, पण तिचा स्वतःवर विश्वास नव्हता. "वाच की गं. काय लिवलंय?"

शिवकन्यानं वाचलं.

"आई, जेवून घे."

"आन खाली?"

"खाली पण तेच आहे."

"त्याच्या खाली?"

"तेच, मावशी. सगळीकडं तेच आहे. एकशे सेहेचाळीस वेळा."

सगुणाबाई खाली बसली. ती रडली नाही. नुसती म्हणाली, "आन मी त्याची वाट बघत उपाशी बसून राह्यले." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "रोज सांगत होता. मला वाचता आलं न्हाई."

तातेराव दारात येऊन उभे होते. ते मागं फिरले, नळावर गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. त्या दिवशी राजूरला मच्छिंद्रला त्यांनीच पाठवलं होतं. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "उद्या दुपारी त्यांना आत बसू द्या. पण संध्याकाळपर्यंत काम संपवा. मालकांनी नव्या सीझनची बिलं नव्यावरच करायची ठरवलीत. माझ्या हातात न्हाई."

गुरुवार, पंधरा मे.

बारा वाजल्यापासून शिवकन्यानं नव्यातल्या आधीच्या नोंदी पुसून सगळी तयारी करून ठेवली. शेवटचं एक बटण दाबायचं, की जुन्यातलं सगळं नव्यात जाणार आणि जुना बंद होणार. ते बटण तिनं दाबलं नाही.

एक वाजता वरचा मजला मोकळा झाला. दोघी आत गेल्या. जुन्या सर्व्हरपुढची खुर्ची रिकामी ठेवली आणि भिंतीला लागून दोन स्टुलांवर बसल्या. कीबोर्डची वायर काढलेली होती. ती टेबलावरून खाली लोंबत होती.

सगुणाबाईनं सहा महिन्यांत पहिल्यांदा भाकरीचं फडकं खरोखर खाण्यासाठी सोडलं. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. एक चतकोर शिवकन्याच्या हातावर ठेवली. तिनं ती तशीच धरून ठेवली.

एक वाजून नऊ.

एसीचा आवाज एकदम हळू झाला. जणू कानात कुणी कापूस घातला.

शिवकन्या सांगते, तिच्या पायाच्या बोटांपासून थंडी वर चढत गेली. एसीची नव्हती ती.

एक वाजून दहा…

खुर्ची करकरली.

रिकाम्या खुर्चीची गादी खाली दबली. हळूच. एखाद्यानं दमून बसावं तशी.

आणि मग… त्या लोंबत्या वायरच्या कीबोर्डावरची बटणं खाली जायला लागली. एकेक. टक. टक टक. दिसत होती. त्यांच्यावर बोटं नव्हती.

पडद्यावर अक्षरं उमटत गेली.

आई, जेवून घे.

दणकन.

शिवकन्यानं सगुणाबाईचा दंड घट्ट पकडला होता. तिची नखं रुतली होती. सगुणाबाईला ते कळलंच नाही. ती खुर्चीकडं बघत होती. सहा महिने जे बघितलं नव्हतं ते ती आता डोळे भरून बघत होती, आणि तिथं काहीच नव्हतं. नुसती दबलेली गादी.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. तोंडात घातला. चावला. गिळला.

"जेवते रे बाळा," ती म्हणाली. "हे बघ. जेवून राह्यले."

गादी तशीच दबलेली राहिली.

सगुणाबाई घास घेत राहिली. अर्धी भाकरी संपली. मग ती एकदम शिवकन्याकडं वळली. "ह्याला ऐकू जात नसंल तर? तो लिवतो. तू बी लिव. माझ्या नावानं लिव."

"काय लिहू, मावशी?"

"लिव… म्या जेवले. तू जेवला का?"

त्या कीबोर्डाला हात लावायची शिवकन्याची हिंमत झाली नाही. तिनं शेजारच्या नव्या मशीनवरून जुन्या सर्व्हरमध्ये नोंद उघडली, जुना मराठी फॉन्ट लावला आणि शेऱ्यात एकेक अक्षर शोधून लिहिलं.

म्या जेवले. तू जेवला का?

वेळ, एक वाजून एकवीस.

"तो भुकेला गेला गं," सगुणाबाई तिच्या कानाशी म्हणाली. "सकाळी चहा पिऊन गेल्ता नुसता. संगं जेवू म्हणला. मला तेवढंच खाऊन राह्यलंय. दुसरं काय न्हाई. त्याला कुणी वाढलं का न्हाई, एवढं कळलं म्हणजे झालं."

दोघी पडद्याकडं बघत राहिल्या.

एक वाजून पंचवीस.

टक…

एकच बटण. आणि थांबलं.

मग… टक टक टक…

तेवढ्यात लाईट गेली.

त्या उन्हाळ्यात रोजच जायची. दिवे गेले, एसी बंद झाला. सर्व्हर बॅटरीवर चालू राहिला, पण त्याचा पडदा काळा झाला. बॅटरी जुनी होती. ती ओरडायला लागली. पीं… पीं… पीं…

काळ्या पडद्यापुढं बटणं वाजतच होती. भराभर. त्याला घाई होती, असं सगुणाबाई सांगते.

जिन्यावर पावलं वाजली. तातेराव वर धावत आले. "बॅटरी जाईल! घ्या जल्दी, न्हाई तर सगळा डेटा जाईल! चार वर्षांचा!"

शिवकन्या सगुणाबाईकडं बघत होती.

चार वर्षांचं काम होतं ते. तिच्या मुलानं हातानं उभं केलेलं. तिनं हो म्हणून मान हलवली.

शिवकन्यानं बटण दाबलं.

पीं… पीं… टक टक… पीं…

नव्या मशीनला वेगळी बॅटरी होती. तिच्या पडद्यावर हिरवी पट्टी पुढं सरकत गेली. सरकत सरकत शेवटाला पोचली.

त्याच क्षणी ते मोठं बटण दणकन वाजलं.

आणि जुना सर्व्हर बंद पडला.

खुर्चीची गादी फुस्स करून वर आली.

खोलीत मे महिन्याचा उकाडा भरला. बाहेर कुठंतरी जनरेटर सुरू झाला. तातेराव विचारत होते, "झालं का? झालं का?"

लाईट आल्यावर जुना सर्व्हर सुरू झाला नाही. औरंगाबादला नेऊन उघडला. आतली डिस्क जळाली होती. त्यातून एक अक्षरही निघालं नाही.

पण नव्या मशीनमध्ये सगळं आलं होतं. शिवकन्यानं त्याच संध्याकाळी मोजलं. एकशे अठ्ठेचाळीस वेळा, आई, जेवून घे. त्यांच्या खाली सगुणाबाईचं, म्या जेवले, तू जेवला का.

आणि त्याच्या खाली आणखी एक नोंद.

एक वाजून सव्वीस मिनिटं. नाव, मच्छिंद्र.

उत्तर आलं होतं.

शिवकन्यानं सगुणाबाईला हाक मारली. दोघी पडद्यापुढं वाकल्या.

शेऱ्यात नुसते चौकोन होते. छोटे, पोकळ, एकसारखे. पाच चौकोन, मधे जागा, मग परत चौकोन. शिवकन्यानं जुना फॉन्ट लावला. चौकोनच. दुसरा लावला, तिसरा लावला. चौकोनच. बाकी प्रत्येक नोंद उघडत होती. ही एकच उघडत नव्हती. जुन्यातून नव्यात येताना तिचं काय झालं ते तिला सांगता येईना. आणि जुना तर आता राहिला नव्हता.

तिनं त्या नोंदीचा कागद छापून सगुणाबाईच्या हातात दिला. "मावशी, मी शोधते. नक्की शोधते."

शिवकन्यानं खरंच शोधलं. पुढं सॉफ्टवेअरची आणखी दोन व्हर्जन आली, सर्व्हर बदलले. प्रत्येक वेळी जालन्याचं काम तिनं स्वतःकडं मागून घेतलं आणि सगळ्यात आधी तीच नोंद उघडली. चौकोन तसेच होते.

त्या गुरुवारनंतर काचेच्या खोलीतून कधी काही वाजलं नाही. सगुणाबाई आता दुपारी जेवते. त्यानं सांगितलंय म्हणून जेवते. आणि तो कागद घडी घालून जवळ ठेवते. कंपनीत कुणी शिकलेलं नवीन माणूस आलं, की हळूच पुढं करते. "बघा बरं साहेब, हे लागतं का तुम्हाला?" लोकांना वाटतं म्हातारी भ्रमिष्ट झाली. ते बघून परत देतात.

२००७ च्या पावसाळ्यात एकदा तिनं किराणा दुकानातून शिवकन्याला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. लग्न जमलं का, कुठं दिली, सगळं. मग ती म्हणाली,

"पोरी, एक विचारू?"

"विचारा की मावशी."

"‘आई, भूक लागली’ एवढं त्या जुन्या अक्षरात लिवलं… तर किती चौकोन होतात गं?"



दुकानातल्या मीटरवर रुपये पडत होते. सगुणाबाई रिसीव्हर कानाला लावून उभी होती.

बऱ्याच वेळानं शिवकन्या बोलली. "मावशी, मी तसं लिहून मोजलं नाही कधी."

सगुणाबाईनं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

घरी जाताना तिला आठवलं, की आपण किती होतात एवढंच विचारलं होतं, तिनं आधी मोजलं का म्हणून विचारलंच नव्हतं.